औटघटकेचे राजे

कुळगावातल्या आमच्या सोसायटीचा मी एकदा नऊ दिवस चेअरमन होतो. जुने चेअरमन जागा विकून मुलाकडे गेले, नवी निवड व्हायची होती, आणि भर सभेत मी नेमकी जांभई द्यायला तोंड उघडले. तो होकार समजला गेला. कचेरीतल्या फळ्यावर आजवरच्या सगळ्या चेअरमनांची नावे आहेत. माझे तेवढे नाही. रंगारी म्हणाला, ''साहेब, 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्हीकडे एकच महिना बरा दिसत नाही.''

आमच्या हिने माझे नाव 'औटघटकेचा राजा' ठेवले. औट म्हणजे साडेतीन, घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे झाली चौऱ्याऐंशी मिनिटे. त्या मानाने माझी कारकीर्द प्रदीर्घच! पण लागायचे ते लागलेच. मग इतिहासात आपले भाऊबंद शोधायला बसलो.

पहिले भेटले पी. के. सावंत. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले आणि राज्याचा कारभार सावंतांकडे आला. ५ डिसेंबरला वसंतराव नाईकांनी शपथ घेतली. ते पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. सावंत उणेपुरे दहा-अकरा दिवस. देवेंद्र फडणवीसांनी तर २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी शपथ घेतली आणि २६ ला राजीनामा दिला. त्या सकाळचा पेपर वाचून होईतो शिळा झाला होता! अर्थात ते आधी पाच वर्षे राहिले होते आणि २०२४ मध्ये परतले, म्हणून त्यांना आमच्या गोतात घेता येत नाही.

खरे गोत्र सापडले ते थेट रोममध्ये. १५ सप्टेंबर १५९० ला निवडून आलेले पोप सातवे अर्बन हिवतापाने तेराव्या दिवशी गेले. राज्याभिषेकसुद्धा राहून गेला. १९७८ साली पहिले जॉन पॉल आले, तेही तेहतीस दिवसच. पण या हसऱ्या गृहस्थाने एक केले: मुकुट घालून राज्याभिषेक करून घेण्याचे नाकारले, साध्या प्रार्थनेवर भागवले. त्यांच्यानंतरचे दुसरे जॉन पॉल सव्वीस वर्षे राहिले. त्यांनी नाव तर तेच घेतलेच, पण मुकुटही घातला नाही. त्यानंतर आजतागायत कोणा पोपचा राज्याभिषेक झालेला नाही. तेहतीस दिवसांत माणूस आणखी काय करणार, सांगा!

शिवाजी महाराजांच्या काळी इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असे आमच्याकडे सांगतात. खरेखोटे महाराज जाणोत. पण थकला घोडा गेला आणि ताज्यावर अजून खोगीर चढायचे आहे, अशा वेळी लगाम धरून कोणी तरी उभे असेलच ना? त्याचे नाव कोण विचारतो? तो नसता तर मात्र घोडे उधळले असते.

मीही एक लगाम धरला होता. नव्या चेअरमनला सोसायटीच्या खर्चाने शाल-श्रीफळ द्यायची आमच्याकडे रीत होती. ''नऊ दिवसांसाठी कसली शाल?'' म्हणून मी नको म्हटले. झाले! पुढच्याला मागायची चोरी झाली. त्याच्यापुढच्यालाही. ते दोघे अजून जिन्यात माझ्याशी धड बोलत नाहीत.

फळ्यावर मी नाही. पण जमाखर्चाच्या वहीत 'सत्कार' या रकान्यात दरवर्षी शून्य पडते. त्यातले पहिले शून्य माझ्या हस्ताक्षरात आहे.