मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभा व्यवसाय : संकेतस्थळ निर्मिती संस्थांचे कामकाज

आज्ञावली विनामूल्य उपलब्ध असताना तिच्या आधारे व्यवसाय कसा चालतो, हा प्रश्न मुक्तस्रोत क्षेत्राबाबत नेहमी विचारला जातो. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला या प्रणालींवर संकेतस्थळे उभारून देणाऱ्या संस्थांचे कामकाज पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळते. या संस्था आज्ञावली विकत नाहीत. संकेतस्थळाची आखणी, उभारणी आणि त्यानंतरची देखभाल यांचा मोबदला त्या घेतात. यांपैकी देखभालीचा भाग सर्वांत कमी दिसणारा, परंतु सर्वाधिक जबाबदारीचा असतो.

आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे काय?

बातमी, सूचना, छायाचित्र किंवा निविदा संकेतस्थळावर चढविण्यासाठी प्रत्येक वेळी संगणकतज्ज्ञाची गरज पडू नये, यासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली वापरली जाते. मजकूर माहितीसंचात साठविला जातो आणि वाचकाने पान उघडताच ठरावीक मांडणीत त्याच्यापुढे येतो. मजकूर लिहिणारा, तपासणारा आणि प्रसिद्ध करणारा यांचे अधिकार वेगवेगळे ठेवता येतात.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात. मॅम्बो या प्रणालीपासून वेगळी होऊन २००५ मध्ये जूमला अस्तित्वात आली. मोठ्या संस्था, विद्यापीठे व शासकीय विभाग यांच्या गुंतागुंतीच्या संकेतस्थळांसाठी ड्रुपलचा वापर अधिक होतो. पुढील विवेचनात प्रामुख्याने ड्रुपलचे उदाहरण घेतले आहे.

ड्रुपलचा उगम

बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रीस बायटार्ट यांनी २००० साली मित्रांना आपापसांत निरोप देता यावेत, यासाठी एक छोटे संकेतस्थळ तयार केले. त्यामागील आज्ञावली त्यांनी १५ जानेवारी २००१ रोजी सर्वांसाठी खुली केली. 'थेंब' या अर्थाच्या 'ड्रुपेल' या डच शब्दावरून तिचे नाव पडले. पीएचपी भाषेत लिहिलेली ही आज्ञावली जीपीएल या परवान्याखाली दिली जाते. ती कोणीही वापरू शकतो, बदलू शकतो आणि इतरांना देऊ शकतो. मात्र बदललेली आज्ञावली इतरांना देताना तोच परवाना कायम ठेवावा लागतो.

या अटीचा व्यवसायावर थेट परिणाम होतो. आज्ञावली कोणा एकाच्या मालकीची नसल्याने सेवा समाधानकारक न वाटल्यास ग्राहक आपले संकेतस्थळ घेऊन दुसऱ्या संस्थेकडे जाऊ शकतो. त्यामुळे या संस्थांमधील स्पर्धा सेवेच्या दर्जावर चालते. आधीच्या संस्थेने काम नीटनेटके केले होते की नाही, हेदेखील दुसऱ्या संस्थेला पहिल्याच दिवशी समजते.

कामाचे टप्पे

कामाची सुरुवात आशयाच्या आराखड्याने होते. विद्यापीठाचे संकेतस्थळ असेल तर विभाग, अभ्यासक्रम, अध्यापक, सूचना आणि निकाल हे आशयाचे प्रकार ठरतात. प्रत्येक प्रकारात कोणते रकाने असावेत आणि ते परस्परांशी कसे जोडावेत, हे निश्चित केले जाते. प्रकल्प व्यवस्थापक, मांडणीकार, डेव्हलपर आणि चाचणी घेणारे कर्मचारी या टप्प्यावर एकत्र बसतात. या वेळी झालेली चूक पुढे दुरुस्त करणे खर्चिक ठरते.

त्यानंतर डेव्हलपरचे काम सुरू होते. अर्ज, शोध, दिनदर्शिका अशा बहुतेक सुविधांची मॉड्यूल्स समुदायाने आधीच तयार केलेली असतात. म्हणून नवी आज्ञावली लिहिण्यापूर्वी उपलब्ध मॉड्यूल तपासले जाते. ते कोण सांभाळतो, त्याला शेवटची दुरुस्ती कधी मिळाली आणि किती तक्रारी प्रलंबित आहेत, हे पाहिले जाते.

ड्रुपलच्या गाभ्याला हात लावू नये, हा या कामातील पहिला नियम मानला जातो. गाभ्यातील ओळी परस्पर बदलल्या तर पुढील अद्ययावत आवृत्ती बसविताना ते बदल पुसले जातात, किंवा ते टिकविण्यासाठी आवृत्ती बसविणेच टाळले जाते. हवे ते बदल स्वतंत्र मॉड्यूलमधून करण्याची सोय प्रणालीतच आहे. प्रत्येक बदलाची नोंद गिट या साधनात ठेवली जाते. तो आधी चाचणीच्या सर्व्हरवर तपासला जातो आणि मगच प्रत्यक्ष संकेतस्थळावर आणला जातो.

जुन्या संकेतस्थळावरील मजकूर नव्या जागी आणणे हे वेळखाऊ काम असते. मराठीसह भारतीय भाषांमध्ये त्यात आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा बराच मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या संकेतप्रणालीत साठविलेला आहे. तो युनिकोडमध्ये आणल्याखेरीज शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिहीनांच्या वाचक-आज्ञावलीलाही वाचता येत नाही. रूपांतर यंत्राने झाले तरी जोडाक्षरे आणि रफार माणसाला तपासावे लागतात.

भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये लागू झाली. त्यांत दिव्यांगांना संकेतस्थळ वापरता येण्यावर भर देण्यात आला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीत अनेक भाषांची सोय गाभ्यातच समाविष्ट झाली. अशी संकेतस्थळे उभारणाऱ्यांना तिचा उपयोग झाला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरणही जाहीर केले.

सुरक्षिततेची कसोटी

आज्ञावली खुली असल्याने तिच्यातील त्रुटी शोधणारे अनेक असतात आणि दुरुस्तीही सर्वांना एकाच वेळी मिळते. दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ त्रुटी कोठे होती, हे हल्लेखोरांनाही कळते. त्यानंतर वेळेशी स्पर्धा सुरू होते.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एक अतिगंभीर त्रुटी जाहीर झाली. तिच्या आधारे कोणालाही प्रवेशशब्दाविना संकेतस्थळाचा ताबा घेता येत होता. घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली संकेतस्थळे हल्लेखोरांच्या हाती गेली असे समजावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने २९ ऑक्टोबर रोजी स्पष्ट केले. ही मुदत संपली तेव्हा भारतात १६ ऑक्टोबरची पहाट होती आणि साडेचार वाजले होते. ज्या संस्थांनी रात्रपाळीची व्यवस्था केली होती किंवा ज्यांचे कर्मचारी जागे होते, त्यांच्या ग्राहकांची संकेतस्थळे बचावण्याची शक्यता अधिक होती.

मार्च २०१८ मध्ये तशीच गंभीर त्रुटी आढळली. या वेळी सुरक्षा गटाने दुरुस्ती २८ मार्च रोजी येणार असल्याची पूर्वसूचना एक आठवडा आधी दिली. त्यामुळे संस्थांना कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावता आल्या आणि ग्राहकांना आगाऊ कळविता आले.

आवृत्तीबदलाचा प्रश्न संथ असला तरी तितकाच गंभीर आहे. ५ जानेवारी २०११ रोजी आलेल्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी, बरोबर १४ वर्षांनी संपला. आठव्या आवृत्तीपासून अंतर्गत रचना पूर्णपणे बदलल्याने जुनी संकेतस्थळे जवळजवळ नव्याने उभारावी लागली. मोठ्या ग्राहकांनी त्यासाठी तरतूद केली. मात्र एकदाच निधी मिळवून संकेतस्थळ उभारणाऱ्या छोट्या स्वयंसेवी संस्था व शाळांना हा खर्च झेपणे कठीण असते. आज्ञावली विनामूल्य असली तरी संकेतस्थळ विनामूल्य नसते, ही बाब सुरुवातीलाच ग्राहकाला सांगणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

घेणे आणि देणे

सामायिक आज्ञावलीवर शेकडो संस्था उपजीविका करतात. ती सुस्थितीत ठेवण्याचे श्रम मात्र थोडेच करतात. बायटार्ट यांनी २०१९ मध्ये या असमतोलाची मांडणी 'घडविणारे' आणि 'घेणारे' अशा दोन गटांत केली. कोणी कोणती दुरुस्ती केली, ती कोणत्या संस्थेच्या वेळात झाली आणि तिचा खर्च कोणत्या ग्राहकाने उचलला, याची नोंद ड्रुपलच्या संकेतस्थळावर २०१५ पासून ठेवली जाते. नोंदीच्या आधारे संस्थांचा क्रम लागतो आणि काम मिळविताना त्याचा उपयोग होतो. केवळ श्रेय वाढविण्यासाठी क्षुल्लक दुरुस्त्या पाठविणे मात्र गैर मानले जाते.

हा वाद वर्डप्रेसच्या क्षेत्रात न्यायालयापर्यंत पोहोचला. डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी समुदायाला पुरेसे योगदान देत नसल्याची टीका वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे केली. पुढील महिन्यात कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. दरम्यान, त्या कंपनीच्या सर्व्हरवरील संकेतस्थळांची अद्ययावत होण्याची नेहमीची सोय काही काळ खंडित झाली. वादाशी काहीही संबंध नसलेल्या ग्राहकांना आणि त्यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या संस्थांना त्याची झळ बसली.

भारतीय डेव्हलपरांचा या समुदायातील सहभाग लक्षणीय आहे. ड्रुपलची आशियाई परिषद फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरली होती. पुण्यात ड्रुपलवर काम करणारी क्यूईडी४२ आणि वर्डप्रेसवर काम करणारी आरटीकॅम्प अशा संस्था आहेत. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना त्यामुळे एक वेगळी संधी मिळते. एरवी कार्यालयाच्या चार भिंतींत राहणारे त्यांचे काम येथे नावानिशी सर्वांसमोर असते आणि दूरदेशीचे अनुभवी डेव्हलपर ते तपासतात. नोकरी बदलली तरी ती नोंद त्यांच्या नावावरच राहते.

संकेतस्थळ उभारून घेणाऱ्याने म्हणूनच केवळ उभारणीचा दर पाहणे पुरेसे नसते. सुरक्षा दुरुस्ती किती तासांत बसविली जाईल, पुढील आवृत्तीचा खर्च कोण करील आणि संस्था मूळ आज्ञावलीला काही परत देते काय, ही माहिती करारापूर्वी घेणे हिताचे असते.