आर भाषा : डेटाबेस-जोडणी

आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतून रिलेशनल डेटाबेसशी थेट संपर्क साधून त्यातील माहिती मागवण्याची, शक्य ती आकडेमोड तिथेच करवून घेण्याची आणि निष्कर्ष परत साठवण्याची व्यवस्था. ओरॅकल, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट इ. डेटाबेसांशी अशी जोडणी करता येते.

गरज : डेटाबेस माहिती डिस्कवर ठेवतो आणि एकाच वेळी अनेकांना ती वापरू देतो. आर मात्र एरवी सगळी माहिती रॅममध्ये घेऊनच काम करते. डेटाबेसमधून सीएसव्ही फाइल काढायची व ती आरमध्ये उघडायची, हा सोपा मार्ग. पण मूळ टेबलात भर पडली की फाइल शिळी होते, तिच्यात स्तंभांचे प्रकार नोंदलेले नसतात आणि कोट्यवधी ओळी रॅममध्ये मावतीलच असे नाही. जोडणीमुळे हवे तेवढेच स्तंभ, हव्या तेवढ्याच ओळी मागवता येतात.

पार्श्वभूमी : रिलेशनल प्रतिमान एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडले. त्यावर आधारलेली एसक्यूएल ही प्रश्नभाषाही आयबीएममध्येच घडली व १९८७ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आर भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी बेल प्रयोगशाळेतील ‘एस’ भाषेच्या धर्तीवर तयार केली, तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली.

रचना : प्रत्येक डेटाबेसची संपर्काची रीत वेगळी असल्याने मध्ये ड्रायव्हर लागतो, तो दुभाष्याचे काम करतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या ओडीबीसी या सामायिक पद्धतीवर मायकेल लॅप्सली व ब्रायन रिप्ली यांचे आरओडीबीसी हे पॅकेज बेतलेले आहे. डीबीआय हे पॅकेज सर्व डेटाबेसांसाठी समान आज्ञा ठरवून देते. त्या प्रत्यक्षात आणण्याचे काम आरएसक्यूलाइट, आरपोस्टग्रेस, ओडीबीसी यांसारखी पॅकेजे करतात. ‘डीबीकनेक्ट’ने जोडणी उघडते, ‘डीबीगेटक्वेरी’ एसक्यूएल प्रश्न पाठवून उत्तर डेटा फ्रेमच्या (ओळी-स्तंभांच्या तक्त्याच्या) रूपात आणते, ‘डीबीराइटटेबल’ टेबल लिहिते व ‘डीबीडिस्कनेक्ट’ जोडणी बंद करते. उत्तर फार मोठे असेल तर ‘डीबीफेच’ने ते ठरावीक ओळींच्या टप्प्यांत घेता येते.

कामाची वाटणी : डीप्लायर व त्याच्या जोडीच्या डीबीप्लायर या पॅकेजांमुळे आरमध्ये लिहिलेल्या गाळणी, गटवारी, सरासरी यांसारख्या आज्ञांचे एसक्यूएल आपोआप तयार होते. ‘कलेक्ट’ म्हणेपर्यंत पूर्ण उत्तर आरमध्ये येत नाही. गाळणे, जोडणे, बेरजा करणे ही कामे डेटाबेसवर सोपवून प्रतिमान बसवणे व आलेख काढणे आरमध्ये करावे, हा या जोडणीचा खरा फायदा आहे. सगळे टेबल आधी ओढून मग गाळणाऱ्याला तो मिळत नाही.

अर्थभेद : जोडणी झाली तरी दोन्हीकडचे नियम एक होत नाहीत. चार दिवसांच्या पावसाच्या नोंदी १०, २०, रिक्त आणि ३० मिमी अशा असतील, तर एसक्यूएलची सरासरी रिक्त नोंद वगळून २० येते. आरमधील ‘मीन’ मात्र रिक्त नोंदी वगळण्याची स्पष्ट सूचना नसेल तर उत्तर ‘एनए’ देते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ७ भागिले २ हे पूर्णांक म्हणून ३ होतात, आरमध्ये ३.५. आरचा मूळ पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. मोठा ओळख-क्रमांक दशांश संख्या म्हणून आणला, तर २ च्या ५३ व्या घातापलीकडे शेवटचा अंक बदलू शकतो; म्हणून असे क्रमांक मजकूर म्हणून किंवा ६४-बिट प्रकारात घेतात. देवनागरी नावांसाठी दोन्ही टोकांना यूटीएफ-८ हवे. डेटाबेस किंवा जोडणी लॅटिन-१ वर राहिली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात.

सुरक्षा : वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएल वाक्यात नुसता चिकटवल्यास त्यातून परकी आज्ञा घुसवता येते. यासाठी मूल्ये वेगळ्या पॅरामीटरच्या रूपाने पाठवतात. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये न लिहिता पर्यावरण-चलात किंवा प्रणालीच्या कळसंचात ठेवतात आणि निव्वळ विश्लेषणासाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते वापरतात.

इतर प्रणाली : सॅसमध्ये हे काम सॅस/ॲक्सेस करते, तर स्टाटामध्ये ‘ओडीबीसी’ ही आज्ञा आहे. पायथनमध्ये डीबी-एपीआय हे मानक असून पांडाज ग्रंथालय प्रश्नाचे उत्तर थेट डेटा फ्रेममध्ये देते. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत तयार झालेला डकडीबी हा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरविना आरच्या प्रक्रियेतच चालतो. त्यामुळे लहान गटांनाही सर्व्हर न उभारता मोठ्या फाइलींवर एसक्यूएल चालवता येते.