रोग्याचे गाऱ्हाणे

बदलीचा हुकूम घेऊन बंगळूरास आलेला मराठी अधिकारी चिकपेटेत प्रथम जातो तो बहुधा घरच्या मंडळींबरोबर रेशमी साड्या पाहावयास. दुकानदार मध्येच मराठीत बोलू लागला की त्यास शहाजीराजे आठवतात. आठवावेत हे योग्यच आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि १६८७ च्या सुमारास व्यंकोजीने म्हैसूरकरांशी त्याचा सौदा करीपर्यंत येथे मराठ्यांचा शब्द चालत होता. हा इतिहास आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. परंतु याच पेठेचा आणखी एक इतिहास आहे. त्याचाही आपल्याशी संबंध आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. तो रोग्यांचा आहे.

१८९८ च्या ऑगस्टात बंगळूरास प्लेग आला, तो हुबळीकडून, आगगाडीने. त्या मार्गावर गाड्या चालविणाऱ्या कंपनीचे नावच सदर्न मराठा रेल्वे होते. मुंबईस १८९६ मध्ये सुरू झालेली साथ पुणे, सातारा, धारवाड अशी मजल दरमजल करीत संस्थानच्या सरहद्दीवर येऊन ठेपलेलीच होती. पहिले रोगी स्टेशनच्या आसपास आढळले, आणि पाहता पाहता साथ जुन्या पेठांत शिरली. एकमेकांना खेटलेली घरे, मागच्या अंगास धान्याची अंधारी कोठारे, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा गल्ल्या. उंदराला याहून सोयीची वस्ती कोणती? पण उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू यांचा या रोगाशी असलेला संबंध पॉल-लुई सिमाँ याने त्याच वर्षी कराचीत दाखवून दिला होता, आणि तो मानावयास अजून कोणी तयार नव्हते. सरकारचा सारा रोख माणसावर होता. घर झडावे, आजारी माणूस उचलून इस्पितळात न्यावा, त्याचे नातलग छावणीत ठेवावेत, घराची कौले काढून ऊन आत सोडावे, फारच झाले तर घरच पाडावे, असा एकंदर कार्यक्रम होता.

म्हैसूर संस्थानात हा कार्यक्रम राबविण्यासाठी नेमलेले प्लेग कमिशनर व्ही. पी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले, कुंभकोणमचे. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि अखेरीस बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परमुलखात चाकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्यास काय काय येऊ शकते याचा हा मासलाच होय. माधवरावांना या कामाबद्दल सरकारी सन्मान मिळाला. साथ ओसरल्यावर मल्लेश्वरम व बसवनगुडी या ऐसपैस वसाहती उभ्या राहिल्या. शहराच्या इतिहासात या सरळ रस्त्यांचे वर्णन आवर्जून येते. त्या छावण्यांत व इस्पितळांत माणसाला कसे वागविले गेले, त्यास पाणी कोणी दिले, हे मात्र कोणत्याही रस्त्यावरून दिसत नाही.

लोकांनी रोगी लपविले, हे मात्र सर्वत्र दिसते. मुंबईत लपविले, पुण्यात लपविले, आणि बंगळूरची पेठही त्यास अपवाद नव्हती. गोठ्यात, माळ्यावर, धान्याच्या पोत्यांमागे रोगी ठेवीत. मेलेल्या माणसाची वर्दी देण्याचे टाळीत. श्रीरंगपट्टणजवळ गंजाम येथे तर त्याच साली प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगल उसळली. सरकारी भाषेत याला अज्ञान म्हणत, आणि आपल्यापैकी पुष्कळ सुशिक्षितांनी तोच शब्द उचलला. मला तो पटत नाही. प्लेगवर त्या काळी औषध नव्हते. ते अर्धशतकानंतर स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने आले. हाफकिनची लस निरोग्यासाठी होती, आजाऱ्यासाठी नव्हे. म्हणजे इस्पितळात गेलेल्या माणसाला मिळू शकत होते ते एवढेच : अंथरूण, पाणी, अंग पुसणे, वाताच्या भरात उठून पळाला तर धरून ठेवणारा हात. औषधच नसेल तर शुश्रूषा हाच संपूर्ण उपचार, आणि शुश्रूषेत हयगय झाली तर उपचार मुळीच नाही. पेठेतल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नव्हते. घरची माणसे बाजूला काढून आपल्या रोग्याला परक्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे तो जाणत होता. रोगी लपविणे ही त्याची तक्रारच होती. दुसऱ्या कोणत्या स्वरूपात ती करण्याची सोय त्यास नव्हती.

सोय नव्हती हे शब्दशः खरे आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश मुलखासाठी साथरोगांचा जो कायदा झाला तो अवघा चार कलमांचा होता. त्यातले चौथे कलम असे, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाविरुद्ध दावा चालणार नाही. चारांतले एक अख्खे कलम गाऱ्हाण्याची वाट बंद करण्याकरिता खर्ची पडले! आपण सरकारी नोकर आहोत. सद्भावनेचे संरक्षण आपणांसही हवेसे वाटते. पण ते हवेसे वाटताना खाटेवरच्या माणसाकडेही एकदा पाहावे. हाच कायदा २०२० च्या साथीत पुन्हा बाहेर निघाला होता.

गाऱ्हाणे मांडणाऱ्याचे काय होते, ते पुण्यात दिसले. २२ जून १८९७ हा दिवस घ्या. राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली म्हणून त्या दिवशी बंगळूरात म्हैसूरच्या राजमाता वाणीविलास यांनी व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसविली. त्याच उत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. एका शहरात इस्पितळाचा पाया, दुसऱ्यात इस्पितळाच्या सक्तीचा सूड. चाफेकरांची कथा सर्वांस पाठ आहे. तिच्या आदल्या महिन्यातली एक गोष्ट मात्र आपण विसरतो. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील कारभाराविषयी लिहिले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या त्यांच्या मुलींपैकी एक तेथे नेली होती, ती परत आलीच नाही. एका पहारेकऱ्याने तिला आपल्याकडे ठेवून घेतल्याचे कळते. तेथे स्त्रियांची अब्रू सांभाळली जात नाही, असा त्या पत्राचा आशय होता. प्रकरण थेट पार्लमेंटापर्यंत गेले. मुंबई सरकारने हे सारे अवास्तव व दिशाभूल करणारे म्हणून झटकून टाकले.

याच उन्हाळ्यात गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्षीसाठी विलायतेत होते. सोल्जरांनी झडतीच्या वेळी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे वृत्त पुण्याच्या पत्रांवरून त्यांना कळले, व ते त्यांनी तेथील वृत्तपत्रास सांगितले. पुरावा मागितला गेला, आणि पुरावा देणारे पुढे येईनात. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रा म्हटले, परकीयांनी खोटारडा. रमाबाईंना ही माफी आवडली नाही, हेही नमूद केले पाहिजे. गोखल्यांच्या माफीवर आजवर पुष्कळ वाद झाले आहेत, पण त्यांत मूळची बाई कुठेच नाही. ती मुलगी कोण होती, तिचे पुढे काय झाले, हे विचारण्यापेक्षा गोखल्यांनी वाकावे की न वाकावे याचीच चर्चा आपल्याला अधिक रुचली.

रुग्णालयाविषयीचे भय हे रुग्णालयाचे भय नव्हते याचा पुरावाही पुण्यातच आहे. टिळकांनी हिंदूंसाठी निराळे प्लेग-रुग्णालय काढले, त्यात लोक गेले. मुंबईत जातीजातींनी आपापली रुग्णालये उघडली, तेथेही गेले; जवळ आपले माणूस राहू शकते एवढेच त्यांना पुरेसे होते. आणि सावित्रीबाई फुले? पुत्र यशवंत याने हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना थाटला, तेथे त्या रोगी स्वतः आणीत. त्यातच त्यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या दवाखान्यात चालविणाऱ्याची आईच उशाशी बसते, तेथून रोगी लपविण्याचे कोणाच्या मनात येईल?

व्हिक्टोरिया हॉस्पिटलचे उद्घाटन ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झनच्या हस्ते झाले. चिकपेटेतून तेथे पायी जाता येते. त्याच्या दारातील गर्दी पाहिली म्हणजे पेठेचे भय केव्हाच नाहीसे झाले हे कळते. आज रोगी लपवीत नाहीत. उलट दागिने मोडून त्यास खाजगी नर्सिंग होममध्ये दाखल करतात. आपल्या कायद्यात या संस्थेला ‘शुश्रूषागृह’ असा सुंदर शब्द आहे. त्यांची नोंदणी करण्याचा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये झाला. कर्नाटकात तो १९७६ मध्ये आला. नोंदणीत जागा पाहतात, परिचारिका मोजतात. गाऱ्हाण्याचे काय, हे ठरावयास निराळा खटला व्हावा लागला.

तो खटला आपल्या मुलखातला आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाची मांडी मोडली. वडील स्वतः डॉक्टर. फळ्या बांधून, टॅक्सीने सुमारे दोनशे मैल आणून त्यांनी मुलास ९ मे रोजी पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात ठेवले. तेथे भूल न देता, केवळ मॉर्फिया टोचून, माणसांच्या जोराने हाड ओढून बसविण्यात आले. संध्याकाळी, गुंगी उतरेल, काळजी नको, असे आश्वासन मिळाले म्हणून वडील दौंडला निघून गेले. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. आईबापांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने तीन हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि २ मे १९६८ रोजी सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळले. पंधरा वर्षांना एक आठवडा कमी. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही वाचतात, कारण रोगी स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा, आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजीचे कर्तव्य असते, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. मॉर्फिया म्हणजे काय व भूल म्हणजे काय हे जाणणारा बापसुद्धा त्या संध्याकाळी शब्दावर विसंबून गेला. मग ज्याला वैद्यकातले अक्षर कळत नाही त्याने काय करावे?

१९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हा ही वाट थोडी रुंद झाली. कर्नाटकाने २००७ मध्ये खाजगी रुग्णसंस्थांसाठी नवा कायदा केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यात रुग्णांच्या हक्कांची सनद व जिल्हावार गाऱ्हाणी ऐकणारे मंडळ घालण्याचे ठरले, तेव्हा राज्यभर खाजगी दवाखाने बंद ठेवण्यात आले. विधिमंडळाचे ते अधिवेशन बेळगावी भरले होते, आणि डॉक्टरांनीही तेथेच ठाण मांडले. मूळचा मसुदा सौम्य होऊन कायदा संमत झाला. डॉक्टरांची बाजू अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. तुरुंगाच्या धाकाने हात थरथरणारा शल्यचिकित्सक कोणालाच नको असतो. परंतु सौम्य झालेल्या त्या कायद्यातही एक कलम टिकले : रोगी दगावला तर बिल चुकते होण्याची वाट न पाहता त्याचा देह नातलगांच्या स्वाधीन करावा. १८९८ मध्ये याच शहरातले नातलग आपला माणूस इस्पितळापासून लपवीत होते. तो इस्पितळातून परत मागण्याचा हक्क त्यांना कायद्याने लिहून मिळण्यास २०१७ साल उजाडले.