विदूषकाकडून इतिहासाकडे

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात १८९७ साली योहान हुइझिंगा या तरुणाने डॉक्टरेट मिळवली ती संस्कृत नाटकातल्या विदूषकावर प्रबंध लिहून. पुढे त्यानेच १९१९ मध्ये मध्ययुगाच्या उतरणीच्या काळातल्या फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या जीवनावर जो ग्रंथ लिहिला, तो युरोपच्या सांस्कृतिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही टाळता येत नाही. भाषेचा अभ्यासक इतिहासाकडे असा वळावा, यात मला सांस्कृतिक इतिहास या विषयाची सगळी जडणघडण दिसते. विद्यापीठात हा विषय कडेकडेने आलेल्या माणसांनी रुजवला आणि येताना पुरावा पारखण्याची वेगळी नजर आणली.

इतिहासाच्या अभ्यासात मानाची जागा मात्र बर्लिनच्या विद्यापीठाची होती. लिओपोल्ड फॉन रांके यांनी तिथे अस्सल कागद पारखण्याची शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवली आणि त्या ऋणातून कुठलाच इतिहासकार मुक्त नाही. पण दप्तरे राज्यसंस्थेची, वकिलांच्या पत्रांची आणि तहनाम्यांची. त्यामुळे इतिहासही राज्यसंस्थेचाच झाला. १८८८ मध्ये ट्युबिंगेनला डीट्रिश शेफर यांनी तर राज्य हेच इतिहासाचे खरे क्षेत्र, असे बजावले. रांकेंचेच विद्यार्थी याकोब बुर्कहार्ट तोवर तीस वर्षे आपल्या गावी, बासेलला शिकवत होते. १८७२ मध्ये रांकेंच्या जागी येण्याबद्दल त्यांना विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. इटलीतल्या प्रबोधनावरच्या त्यांच्या १८६० च्या ग्रंथात उत्सव, मिरवणुका, थट्टामस्करी, कीर्तीची हाव यांना राजकारणाच्या बरोबरीने स्थान आहे. हुइझिंगाची नजरही तीच. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच शहरातल्या घंटा वाजतात. लोक त्यांना नावाने ओळखत, एक जाडी जॅकलिन, दुसरी रोलांट. कोणत्या नादाचा काय अर्थ, हे सगळ्यांना ठाऊक असे. तो नाद हाही पुरावाच आहे.

यावर आक्षेप असा की, अशा पुराव्यातून हवे ते सिद्ध करता येते. तो खोटा नाही. लाइप्झिशच्या कार्ल लाम्प्रेश्त यांनी १८९१ पासून जर्मनीचा इतिहास खंडाखंडाने लिहिताना तो मानसिक युगांच्या साच्यात बसवला. गेओर्ग फॉन बेलो आणि इतरांनी त्यातल्या चुका दाखवल्या आणि लाम्प्रेश्त यांचा दबदबा ओसरला. मात्र ढासळला तो नियमांचा हव्यास. उत्सव आणि घंटा अभ्यासण्याजोग्या नाहीत, असे त्यातून निघत नाही. बुर्कहार्टमधली उणीव मला याहून मोठी वाटते. त्यांची भिस्त छापील ग्रंथांवर होती, म्हणून शेतकरी आणि कारागीर तिथे जेमतेम दिसतात.

ही उणीव भरून निघाली ती दप्तरातूनच. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७६ च्या पुस्तकात इटलीतल्या फ्रिउलीच्या एका गिरणीवाल्याला समोर आणले. मेनोक्किओ त्याचे नाव. दुधाचे चीज व्हावे तसे आदिगोंधळातून जग आकाराला आले आणि चीजमध्ये किडे व्हावेत तसे देवदूत झाले, असे त्याने चौकशीत सांगितले. धर्मन्यायालयाच्या लेखनिकाने ते टिपून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. गिन्झबुर्ग त्याने वाचलेली पुस्तके शोधतात आणि पुस्तकात काय होते व त्याने काय वाचले, यातले अंतर मोजतात. एक गिरणीवाला म्हणजे युरोप नव्हे, हे कबूल; त्याच्यावरून सरासरी काढता येणार नाही. पण छापील पुस्तक गावात पोहोचल्यावर त्याचे काय होऊ शकते, हे कुठल्या तहनाम्यात सापडणार? आपल्या विचारांपायी मेनोक्किओला अखेर देहदंड झाला.

आपल्याकडे ‘आधुनिक युरोप’ शिकवताना बहुधा फ्रेंच राज्यक्रांती, व्हिएन्ना परिषद, बिस्मार्क अशीच वाट धरली जाते. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: त्या वाटेवर एक तास तरी मेनोक्किओच्या जबानीला द्या आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः वाचू द्या.