बनहिल रोचा चमचा

1785 सालचा एप्रिल. तुम्ही लंडनच्या बनहिल रोवर, हेस्टर बेटमन यांच्या कारखान्यात आहात. 1760 मध्ये नवरा क्षयाने गेला आणि त्याची हत्यारं या बाईंकडे आली. लिहिता-वाचता येत नसताना त्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचा ठसा नोंदवला. आता त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, मुलं-सुना हाताशी आहेत.

कारागीर चांदीची कांब भट्टीत तापवतो आणि ऐरणीवर ठोकतो. ठोकून चांदी कडक झाली की पुन्हा तापवतो. दांडा निमुळता होतो. मग चपटं टोक शिशाच्या ठोकळ्यावर धरून वरून पोलादी ठसा हाणला की चमच्याची वाटी उमटते. कानस, ओप, आणि दांड्यामागे हेस्टरबाईंची वळणदार आद्याक्षरं.

पण एवढ्यावर तो विकता येत नाही. त्याच्याबरोबर तुम्ही फॉस्टर लेनवरच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये जाता. तिथे पारखी चमच्याचा कीस काढतो, वजन करून शिशात गुंडाळतो आणि हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतो. हीण राखेत जिरतं, शुद्ध चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तराजूत. हजारात 925 भाग चांदी भरली नाही, तर माल तिथेच मोडला जातो.

हा चमचा उतरतो. एकेक छाप पडते: चांदीच्या कसाचा चालता सिंह, लंडनचं मुकुटधारी बिबळ्याचं तोंड, 1784-85 या वर्षाचं ‘आय’ अक्षर. शेवटी तिसऱ्या जॉर्जचं मस्तक, म्हणजे गेल्या डिसेंबरपासून लागू झालेला औंसामागे सहा पेन्सचा कर भरल्याची खूण. बोट फिरवून पाहा. बाकीच्या छापांतली चित्रं उठावाची, राजा मात्र खोलगट. 1786 पासून तोही उठावाचा होईल. म्हणून हा खोलगट राजा दिसला की संग्राहक चमच्याचा काळ दोन वर्षांच्या आत आणतो.

आज असा चमचा हाती आला तर चकाकीला भुलू नका. आधी मागे वळवून भिंगाखाली छापा वाचा. यंत्रावर घासून लखलखीत केलेल्या चमच्यावर त्या पुसट होतात आणि करणारीचं नाव, गाव, साल एकदमच जातं. थोडा काळवंडलेला पण छापा स्पष्ट असलेला चमचाच घ्या, आणि मऊ फडक्यापलीकडे त्याला काही लावू नका.