शंभर माणसांचे वाद्य

१९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाच्या टेकडीला लागूनच हार्लेम आहे. त्याच वर्षांत ती काळ्या माणसांची वस्ती म्हणून आकार घेत होती. जानेवारी १९१५ मध्ये याच शहरात, वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या एका कृष्णवर्णीय दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव डीन डिक्सन. पुढे १९३९ साली त्याच कोलंबियातून तो एम.ए. झाला. त्याने निवडलेले क्षेत्र मात्र असे होते, की ज्यात काळ्या माणसाचा प्रवेश कोणाच्या कल्पनेतही नव्हता. त्याला वाद्यवृंदाचा संचालक व्हायचे होते.

कंडक्टर म्हटले की आपल्याला एस.टी.तला तिकीट फाडणारा माणूस आठवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला कंडक्टर म्हणजे हातात छडी घेऊन शंभर वादकांपुढे उभा राहणारा माणूस. तो स्वतः काहीच वाजवत नाही. कोणी केव्हा सुरू करायचे, किती जोराने वाजवायचे, कोठे थांबायचे, हे तो ठरवतो आणि शंभर माणसे त्याचे ऐकतात. म्हणजे या धंद्याचे मूळ संगीतात आहे तितकेच आज्ञेत आहे. काळ्या माणसाने गोऱ्या माणसांना आज्ञा द्यावी आणि त्यांनी ती पाळावी, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकेला पचणारी नव्हती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. व्हायोलिन शिकणारा मुलगा गरीब असला तरी उसने वाद्य घेऊन खोलीत एकटा रियाज करू शकतो. गायकाचे वाद्य तर त्याच्या गळ्यातच असते. संचालकाचे वाद्य म्हणजे जिवंत शंभर माणसे. पुस्तके वाचून, स्वरलिपी पाठ करून तो अर्धाच शिकतो. उरलेले अर्धे तालमीत, प्रत्यक्ष वाद्यवृंदापुढे उभे राहून शिकावे लागते. म्हणून वाद्यवृंद ज्याच्या हाती दिला जात नाही, त्याचे शिक्षणच पुरे होत नाही. आणि मग त्यालाच सांगितले जाते, 'तुला अनुभव नाही.'

आपल्याच मुंबईचे उदाहरण घ्या. मेहली मेहतांनी १९३५ साली येथे सिंफनी वाद्यवृंद उभा केला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या घरी झुबिन मेहतांचा जन्म झाला. वादक, तालमी, स्वरलिपी या गोष्टी त्यांनी लहानपणापासून पाहिल्या, आणि १९५४ साली ते व्हिएन्नाला शिकायला गेले. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रतिभेला जे साधन लागते, ते त्यांच्या घरातच होते, एवढे लक्षात ठेवावे.

डिक्सनच्या घरात ते नव्हते. आईने त्याला लहानपणी व्हायोलिन शिकायला लावले, मैफलींना नेले. पुढे तो जुलियार्ड या नामवंत संगीत संस्थेत शिकला. पण शिकत असतानाच, १९३२ साली, त्याने एक शहाणपणाचे काम केले. कोणी वाद्यवृंद देणार नाही हे ओळखून त्याने हार्लेमच्या वाय.एम.सी.ए.मध्ये स्वतःचा वाद्यवृंद सुरू केला. वस्तीतले हौशी वादक जमवले आणि त्यांना शिकवता शिकवता स्वतः शिकला.

१९४१ साली त्याच्या एका मैफलीला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट उपस्थित होत्या. त्यानंतर दारे किलकिली झाली. त्याच वर्षी त्याने एन.बी.सी.च्या आणि न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकच्या वाद्यवृंदांचे संचालन केले. १९४४ साली त्याने तरुणांसाठी एक मिश्र वाद्यवृंद काढला. पैशाअभावी तो फार काळ टिकला नाही. १९४८ साली कोलंबिया विद्यापीठाचा संचालकांसाठीचा डिट्सन पुरस्कार त्याला मिळाला. टाळ्या मिळाल्या, गौरव झाला. पण एकाही वाद्यवृंदाने त्याला कायमचे पद दिले नाही. पाहुणा म्हणून एक रात्र चालेल, घरचा म्हणून नको, असा हा न्याय होता.

१९४९ साली डिक्सनने देश सोडला. १९५३ पासून स्वीडनमधील गोथेनबर्ग, १९६१ ते १९७४ फ्रँकफर्टचा रेडिओ वाद्यवृंद, मध्ये काही वर्षे ऑस्ट्रेलियातील सिडनी, अशी प्रमुखपदे त्याने भूषवली. तो सांगत असे, की आधी लोक मला काळा अमेरिकन संचालक म्हणत, मग अमेरिकन संचालक म्हणू लागले, आणि शेवटी नुसता संचालक म्हणू लागले. विशेषणे गळून पडायला त्याला समुद्र ओलांडावा लागला. १९७० साली, एकवीस वर्षांनी, तो पाहुणा म्हणून न्यूयॉर्कला परतला. १९७६ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

हा अन्याय एकट्या संचालकापुरता थांबत नाही. फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय रचनाकार स्त्रीची सिंफनी १९३३ साली शिकागो सिंफनीने वाजवली. पुढे १९४३ मध्ये तिने बॉस्टनचे संचालक कुसेवित्स्की यांना पत्र लिहून, आपण स्त्री आहोत आणि आपल्यात काळे रक्त आहे, या दोन अडचणी मोकळेपणाने मांडल्या. तरीही दार उघडले नाही. तिच्या अनेक रचनांची हस्तलिखिते २००९ साली इलिनॉय राज्यातल्या एका ओसाड घरात सापडली. छडी हाती असलेल्या माणसाने स्वरलिपी उचललीच नाही, तर रचना मुकीच राहते.

निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून पुढे वादकांच्या चाचण्या पडद्याआड घेण्याची पद्धत रुजली. ती चांगलीच आहे. पण संचालकाला पडद्याआड कसे बसवणार? त्याचे काम सर्वांसमोर उभे राहण्याचे. आणि वादकांपुढचा पडदाही चाचणीच्या दिवशीच लागतो. सातव्या वर्षी कोणाच्या हाती व्हायोलिन आले आणि कोणाच्या आले नाही, हे तो झाकू शकत नाही. २०१४ साली अमेरिकी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादकांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते.

राखीव जागांच्या वादात 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. तेव्हा डिक्सनची आठवण ठेवून उलट विचारावे : ती गुणवत्ता ज्या साधनावर कमवायची, ते साधन कोणाच्या ताब्यात होते? सांगणारा रोज वापरतो, आपल्याला मात्र हातही लावू देत नाही, अशा साधनाची परीक्षा घेणे हा कसला न्याय?

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. डिक्सन जिंकला, पण हार्लेमच्या पोरांना मागे काय उरले? त्याचे वाद्यवृंद त्याच्या एकट्याच्या पायांवर उभे होते. तो गेला आणि ती जागा रिकामी झाली. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली ती हे ओळखूनच, की एक माणूस शिकून भागत नाही, मागच्यांसाठी शिकण्याची जागा उभी राहावी लागते. डिक्सनचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. त्याने एकट्याने जे करता येते ते सारे केले. एकट्याने जे करता येत नाही, ते आपल्या सर्वांचे काम आहे.