लहान लेकरांचे शिक्षक व्हायचंय? बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

औसा : बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात नीट, सीईटी आणि कट-ऑफ सोडून दुसरं बोलणं नसतं. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर आहे, ते अकरावी-बारावीच्या निकालामुळं. पण पहिली-दुसरीच्या लेकरांना शिकवायचं असेल तर कोणता कोर्स करावा, हे गावात चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. त्यातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "बी.एड. करून टाक, सगळीकडं चालतंय." हे उत्तर आता चुकीचं आहे. त्यापायी घरच्यांचे पैसे आणि पोरा-पोरींची दोन वर्षं जातात, म्हणून ही माहिती.

पहिली ते पाचवीला बी.एड. का चालत नाही

शिक्षक शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, 2018 मध्ये बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा, एवढीच अट होती. राजस्थानात त्यावर वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 11 ऑगस्ट 2023 रोजी न्यायालयानं निकाल दिला की बी.एड. ही प्राथमिक वर्गासाठीची पात्रता नाही. बी.एड.मध्ये मोठ्या मुलांना शिकवायचं प्रशिक्षण मिळतं, सहा-सात वर्षांच्या लेकराला शिकवायची पद्धत वेगळी असते आणि ती डी.एल.एड.मध्ये शिकवली जाते, असं त्यामागचं कारण. चांगलं प्राथमिक शिक्षण हा लेकरांचा मूलभूत हक्क आहे, त्यात तडजोड नको, असंही न्यायालयानं म्हटलं. निकालाच्या आधी नेमणूक झालेल्यांना पुढं 2024 मध्ये संरक्षण मिळालं. नव्यानं येणाऱ्यांना मात्र ही वाट बंद आहे.

म्हणजे हिशेब असा. पहिली ते पाचवीसाठी बारावी, दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपण ज्याला अजून डी.एड.च म्हणतो) आणि टीईटीचा पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी, त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. ज्याला हायस्कूलला शिकवायचंय त्यानं बी.एड. जरूर करावं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं स्वप्न बघून बी.एड. करू नये.

दोन वर्षं शिकवतात तरी काय?

"लहान लेकरांना शिकवायला काय लागतंय, अ आ इ आणि पाढे" असं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी घरी एक प्रयोग करून बघावा. पाच वर्षांच्या लेकरासमोर सोयाबीनचे सहा दाणे एका ओळीत ठेवा आणि खाली तसेच सहा दाणे दुसऱ्या ओळीत. दोन्हीकडं सारखेच आहेत हे त्याच्याकडूनच वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतले दाणे लांब-लांब सरकवा आणि विचारा, आता कुठं जास्त? बरीच लेकरं लांब ओळीकडं बोट दाखवतात. पाणी एका बसक्या वाटीतून उंच ग्लासात ओतलं तरी तसंच, उंच ग्लासात पाणी जास्त आहे असं ते सांगतात. लेकरू ढ नसतं. त्या वयात डोळ्याला जे मोठं दिसतं तेच जास्त वाटतं, आणि साधारण सातव्या वर्षाच्या आसपास दाणे तेवढेच राहतात हे उमगायला लागतं.

हे प्रयोग स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचे. लेकराची समज टप्प्याटप्प्यानं वाढते, असं त्यांनी मांडलं. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत हात लावून, तोंडात घालून शिकणं. दोन ते सात या काळात बोलणं, खोटं-खोटं खेळणं. सात ते अकरा या वयात हातात वस्तू असेल तर तिच्यावर नीट विचार करणं, आणि त्यापुढं नुसत्या कल्पनेवर विचार करणं. ही वयं काटेकोर नाहीत, लेकरागणिक मागं-पुढं होतं. रशियाचे वायगॉट्स्की हेही त्याच काळातले. योगायोग असा की दोघांचा जन्म 1896 चाच. त्यांचं म्हणणं, लेकराला एकट्याला जे जमत नाही ते जाणत्या माणसाच्या थोड्या आधारानं जमतं, आणि तो आधार हळूहळू काढून घेणं हेच शिकवणं. सायकल शिकवताना आपण मागून कॅरेज धरतो आणि कळू न देता सोडून देतो, तसंच हे.

हे ठाऊक असलेले गुरुजी पहिलीच्या लेकराला फळ्यावर 7 + 5 लिहून छडी दाखवत नाहीत. आधी त्याच्या हातात चिंचोके देतात. फरक एवढाच, पण लेकराची गणिताची भीती इथंच बसते किंवा इथंच मोडते.

भाषेचंही तसंच आहे. आपल्या भागात तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, औसा शहरातल्या कितीतरी घरांत दखनी बोलली जाते, आणि मराठी घरातलं लेकरूसुद्धा "म्या लई खाल्लं" म्हणत शाळेत येतं. पुस्तकात मात्र "मी खूप खाल्ले" असतं. पहिल्याच दिवशी त्याचं बोलणं अशुद्ध ठरवलं तर ते पुढं बोलतच नाही. घरच्या बोलीत ऐकून घ्यायचं आणि तिथून पुस्तकाच्या भाषेकडं न्यायचं, हेही शिकावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. माझ्या मते तरी हा भाग जेवढा तोंडपाठ केला जातो तेवढा वर्गात दिसत नाही.

अंगणवाडीची कल्पना मराठी बायकांची

बालशिक्षण हे शहरातलं फॅड आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट सांगावी. ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं. 1945 मध्ये त्या बोर्डी या गावात आल्या आणि गरीब घरच्या लेकरांसाठी काम सुरू केलं. अनुताई तिथंच त्यांच्यासोबत आल्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, डहाणू तालुक्यातल्या आदिवासी वस्तीत गेलं.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी उभी राहिली. जी लेकरं गुरांमागं रानात जायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून सुरू झाली, म्हणजे या बायकांच्या कामानंतर कितीतरी वर्षांनी.

आपल्याला कुठं शिकता येतं

डी.एल.एड.साठी बारावीला खुल्या प्रवर्गात किमान 49.5 टक्के आणि राखीव प्रवर्गात 44.5 टक्के लागतात. कला, वाणिज्य, विज्ञान अशी कोणतीही शाखा चालते. प्रवेश ऑनलाइन, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत. आपल्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, मुरूडला आहे. खासगी अध्यापक विद्यालयात जाणार असाल तर त्याची एनसीटीई मान्यता चालू आहे का हे आधी बघा. एकेकाळी गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली होती, पुढं भरती थांबल्यावर त्यातली पुष्कळ बंद पडली. जुना बोर्ड अजून लटकतोय म्हणून कॉलेज चालू आहे असं समजू नका.

ज्यांना विद्यापीठात जाऊन हाच विषय खोलात शिकायचाय त्यांच्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. आधी त्याला गृहविज्ञान म्हणायचे. तिथं मानव विकास हा विभागच आहे. कृषी विद्यापीठ म्हणजे नुसती पिकं असं आपल्याला वाटतं, पण तिथं लेकरांच्या वाढीचाही अभ्यास होतो. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही हा विषय आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपलं, 17 सप्टेंबर 1994 ला सुरू झालेलं. त्याच्या संलग्न कॉलेजांत बी.ए.ला मानसशास्त्र किंवा गृहविज्ञान घेता येतं, आणि शिक्षणशास्त्राचं पुढचं शिक्षण नांदेडच्या मुख्य आवारात आहे. घर सोडता येत नसेल, सासर-लेकरं सांभाळून शिकायचं असेल, तर इग्नूचा बालसंगोपन व शिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा बारावीनंतर दूरस्थ पद्धतीनं करता येतो. तो केल्यानं प्राथमिक शिक्षक होता येत नाही, हे ध्यानात ठेवा. खासगी नर्सरी, माँटेसरी कोर्सेसचंही तेच. खासगी प्ले स्कूलला ते चालतील, जिल्हा परिषदेला नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका धाग्यात. 2030 पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करायची, असंही त्यात लिहिलंय. ते बी.एड. बारावीनंतर करायचं असतं आणि त्यात लहान वर्गांसाठी वेगळा गट असतो. पदवीनंतरच्या बी.एड.शी त्याची गल्लत करू नका.

टीईटी, टेट आणि वाट बघणं

टीईटीच्या पेपर एकला 150 प्रश्न, 150 गुण. बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, राखीवला 55 टक्के लागतात. बरीच पोरं गणितावर जोर देतात आणि बालविकास "वाचून जाऊ" म्हणून सोडतात. तिथले 30 गुण वर सांगितलेला सोयाबीनचा प्रयोग समजला तर सोपे आहेत.

पैसे देऊन पास करून देतो म्हणणारा भेटला तर आधी 2019-20 ची टीईटी आठवा. त्या परीक्षेतल्या गैरप्रकारात 7,880 उमेदवारांवर 2022 मध्ये परीक्षा परिषदेनं कारवाई केली.

टीईटीनंतर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, 200 गुणांची. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 अशी झाली. मधलं अंतर बघा. वाडी-वस्तीवरच्या शाळांचा पट घटतोय, त्यामुळं जागाही कमी होतात. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16,000 रुपये मानधन. 2023 च्या आधी ते 6,000 होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं, सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. म्हणजे अभ्यास काही सुटत नाही.

वाट बघण्याच्या काळात गावातली अंगणवाडी हा मार्ग बायकांनी सोडू नये. सेविका आणि मदतनीस दोन्हींसाठी आता किमान बारावी पास लागतं, वय 18 ते 35, विधवांना 40 पर्यंत, आणि त्याच गावची रहिवासी असावी लागते. निवड गुणांवर होते आणि पदवी, डी.एड. झालेलीला जास्तीचे गुण मिळतात. पदवीधर मुलींसाठी वरची पायरी पर्यवेक्षिकेची. त्या भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, बालविकास, पोषण अशा पदव्यांचा खास उल्लेख असतो.

जाहिरात बाल विकास प्रकल्प कार्यालयात लागते. शाळेसंबंधी विचारायचं असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालय. फॉर्म भरायला जाताना दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर सोबत ठेवा. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आधार कार्डाशी अक्षर-अक्षर जुळतंय का, हे आजच घरी बघून घ्या. लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेल्या मुलींची अडचण बहुतेक इथंच होते, आणि शेवटच्या तारखेला ती निस्तरत नाही.